चित्र, नमुना आणि स्थळ : नागपूर प्रदेशाच्या निसर्गेतिहासातील मुद्रित चित्रांचा साधन म्हणून विचार

नागपूर प्रदेशाच्या इतिहासाची साधने म्हटली म्हणजे वाकाटकांचे ताम्रपट, भोसल्यांच्या दफ्तरांतील कागद, रेसिडेंटांचा पत्रव्यवहार आणि रिचर्ड जेंकिन्स ह्याचा इ. स. १८२७ चा अहवाल ही नावे अभ्यासकांच्या ओठावर येतात. एकोणिसाव्या शतकात ह्या प्रदेशातील शंख, मासे, पक्षी आणि अश्मीभूत पाने ह्यांची जी चित्रे छापली गेली ती मात्र ह्या यादीत सहसा आढळत नाहीत. निसर्गशास्त्राचे अभ्यासक त्यांच्याकडे नाव निश्चित करण्यापुरते पाहतात. इतिहासाचे अभ्यासक त्यांना ग्रंथाची शोभा मानून पान उलटतात. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, मुद्रित निसर्गचित्र हे कागदपत्राइतकेच ऐतिहासिक साधन आहे; परंतु ज्या नमुन्यावरून ते काढले तो नमुना आणि जेथे तो मिळाला ते स्थळ, ह्या दोहोंपासून तोडले असता ते दिशाभूल करू शकते. चित्र, नमुना आणि स्थळ ह्या त्रयीचा संबंध कसा जुळतो व कसा तुटतो, हे काही ठळक उदाहरणांच्या आधारे पाहू.

१. मुद्रणपद्धतीचा प्रश्न

चित्र कोणत्या पद्धतीने छापले हे कळल्यावाचून त्याची साक्ष तपासता येत नाही. टॉमस ब्यूइक ह्याने इ. स. १७९७ व १८०४ मध्ये ब्रिटनमधील पक्ष्यांवरील आपला ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला, तो लाकडी ठशांवर. लाकडी ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच पानावर छापता येत असे. त्यामुळे चित्र आणि वर्णन शेजारी राहत. ऑड्युबनची ४३५ चित्रे इ. स. १८२७ ते १८३८ ह्या काळात तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली व हातांनी रंगविली गेली. ताम्रपत्र्यावरील चित्र निराळ्या यंत्रावर, निराळ्या कागदावर छापावे लागे. म्हणजे चित्र मजकुरापासून वेगळे होण्यास आरंभ झाला तो यंत्रशाळेतच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सेनेफेल्डर ह्याने शोधलेल्या शिळाछाप पद्धतीने ह्या क्षेत्रात क्रांती घडविली. कोरणाऱ्या कारागिराची मध्यस्थी संपली. चित्रकार स्निग्ध खडूने थेट दगडावर रेखाटन करू लागला. जॉन गूल्ड ह्याचा हिमालयातील पक्ष्यांवरील ग्रंथ (इ. स. १८३०-१८३३) ह्याच पद्धतीचा, त्यातील ८० चित्रे त्याची पत्नी एलिझाबेथ हिने दगडावर उतरविली. जनरल हार्डविक ह्याने हिंदी चित्रकारांकडून काढवून घेतलेल्या चित्रांच्या आधारे जॉन ग्रे ह्याने इ. स. १८३० ते १८३५ ह्या काळात भारतीय प्राण्यांची २०२ चित्रपत्रे लंडनमध्ये प्रसिद्ध केली, तीही शिळाछापाचीच.

ह्याच सुमारास मुंबईत गणपत कृष्णाजी ह्यांनी शिळाछापावर पंचांग छापले (इ. स. १८३१). ही दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. तंत्र एकच, काळही एकच. परंतु मराठी माणसाच्या हाती आलेला दगड पंचांगासाठी व पोथीसाठी वापरला गेला, आणि ह्याच देशातील पक्ष्यांची चित्रे साता समुद्रांपलीकडच्या दगडावर उमटली. तंत्राचा अभाव हे त्याचे कारण नव्हे. शास्त्रीय चित्राला गिऱ्हाईक लागते, वर्गणीदार लागतात, तुलनेसाठी संग्रहालय लागते. ह्या तिन्ही गोष्टी तेव्हा लंडनमध्ये होत्या.

२. नागपूरचे शंख आणि उलटा ठसा

नागपूर परिसराच्या बाबतीत पहिले महत्त्वाचे उदाहरण जीवाश्मांचे आहे. मद्रास सैन्यातील वैद्य जॉन ग्रँट माल्कमसन ह्याने हैदराबाद व नागपूर ह्यांच्या दरम्यानच्या काळ्या खडकाच्या प्रदेशात गोड्या पाण्यातील शंखांचे अवशेष गोळा केले. त्याचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या ग्रंथमालेत इ. स. १८४० मध्ये चित्रांसह छापला गेला, आणि शंखांना नावे दिली ती जेम्स डी कार्ल सॉवर्बी ह्याने. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध शंख 'फायसा प्रिन्सेपी' होय. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचे नाव ते. लेखांचा उलगडा करणाऱ्या विद्वानाचे स्मारक विदर्भाच्या खडकातील एका शंखात असावे, हा योगायोग इतिहासाच्या विद्यार्थ्याला आवडेल असाच आहे.

ह्या शंखाचा एक विशेष चित्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. शिखर वर धरून पाहिले असता त्याचे तोंड डाव्या बाजूस येते. बहुसंख्य शंखांचे ते उजवीकडे असते. शिळाछापात दगडावरचे रेखाटन कागदावर उलटे उमटते. म्हणून चित्रकाराने नमुना समोर ठेवून तो जसाच्या तसा दगडावर उतरविला, तर छापलेल्या पानावर डावा शंख उजवा होऊन बसतो आणि ज्या लक्षणावरून त्याचे कुल ओळखावयाचे तेच लक्षण नाहीसे होते. पक्ष्याचे चित्र उलटे छापले गेले तरी काही बिघडत नाही. पक्षी डावीकडे पाहत होता तो उजवीकडे पाहू लागतो इतकेच. शंखाच्या बाबतीत मात्र उलटेपणा म्हणजे असत्य होय. म्हणूनच शंखचित्रे पाहताना वर्णनाशी मेळ घालून पाहिल्यावाचून निष्कर्ष काढू नये. येथे मराठी वाचकाने आणखी एक सावधगिरी बाळगावयास हवी. आपल्या परंपरेत ज्याला 'दक्षिणावर्त' म्हणतात तो दुर्मिळ शंख शास्त्रीय परिभाषेत डावा ठरतो. कारण आपण शंख धरतो तो टोक खाली व पन्हळ वर अशा स्थितीत. शब्द, चित्र आणि वस्तू ह्या तिघांत वस्तू धरण्याची रीत ठरल्याखेरीज 'डावे' व 'उजवे' ह्या शब्दांना अर्थ नाही.

माल्कमसननंतर हे काम रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप (१८१७-१८६३) व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांनी पुढे नेले. हिस्लॉप इ. स. १८४५ मध्ये नागपुरास आले. नागपूरजवळील टाकळी, सीताबर्डीची टेकडी, कामठी व सिलेवाडा येथील खाणी, दक्षिणेकडील मांगली ही त्यांची संग्रहस्थळे. इ. स. १८५५ मध्ये भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात नागपूर परिसराच्या भूरचनेवर त्या उभयतांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रिचर्ड ओवेन ह्याने मांगलीच्या उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' ह्या नावाने केले. इ. स. १८६० मध्ये हिस्लॉप ह्यांनी काळ्या खडकाच्या थरांमधील शंखांचे सचित्र वर्णन दिले, आणि इ. स. १८६१ मध्ये चार्ल्स बनबरी ह्याने नागपूरच्या अश्मीभूत वनस्पतींची चित्रे प्रसिद्ध केली. ह्याच काळात नागपूरच्या तलावांतील एका सूक्ष्म प्राण्याला एच. जे. कार्टर ह्याने इ. स. १८५८ मध्ये 'हिस्लोपिया' हे नाव दिले.

ह्या चित्रपत्रांचे मूल्य पुढील एका गोष्टीवरून दिसून येते. हिस्लॉप ह्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ह्या थरांना तृतीयक कालखंडातील म्हटले होते. आज टाकळीचे थर त्याहून जुने, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरचे मानले जातात. वंशांची नावे बदलली, थरांचे वय बदलले, निबंधातील अनुमाने जुनी झाली. परंतु काळजीपूर्वक काढलेली चित्रे आजही तुलनेसाठी उघडली जातात. शास्त्रीय अनुमान आपल्या काळाचे असते, नीट केलेले निरीक्षण त्यापलीकडे टिकते. मात्र ते टिकते ह्याचे कारण त्या चित्रांबरोबर टाकळी, सीताबर्डी, सिलेवाडा ही स्थळनामे छापली गेली आणि नमुने जपले गेले, हे विसरता कामा नये.

३. नाव टिकले, हात हरवला

दख्खनच्या माशांचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. मुंबई सरकारचा संख्याशास्त्रीय प्रतिवेदक कर्नल विल्यम साइक्स ह्याने इ. स. १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, आणि पुढे माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या ग्रंथमालेत चित्रपत्रांसह आला (इ. स. १८४१). साइक्स ह्याने माशांना नावे देताना कोळ्यांच्या तोंडची नावे लॅटिन वेषात घेतली. सीनघाला, कोलस, खुद्री, गूंगवारी ही त्याने दिलेली विशेषणे आजही शास्त्रीय नावांत वावरतात. जगातील कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ 'खुद्री' म्हणतो तेव्हा तो नकळत भीमा-मुठेच्या काठावरचा शब्द उच्चारीत असतो.

येथे एक विषमता लक्षात येते. मासे पकडणाऱ्याने दिलेले नाव जागतिक नामावलीत गेले, पण तो स्वतः अनामिक राहिला; आणि जेथे चित्र हिंदी चित्रकाराने काढले तेथे बहुधा चित्रकाराचीही तीच गत झाली. टी. सी. जर्डन (१८११-१८७२) हा मद्रास सैन्यातील वैद्य काही काळ जालन्याच्या छावणीत होता. त्याचा भारतीय पक्ष्यांच्या चित्रांचा संग्रह इ. स. १८४३ ते १८४७ ह्या काळात मद्रासेस प्रसिद्ध झाला. त्यात पन्नास चित्रे असून ती देशी चित्रकारांच्या हातची आहेत. ग्रंथ जर्डनच्या नावाने ओळखला जातो. पिसांचा पोत ज्यांनी रंगात उतरविला त्यांना वाचक ओळखत नाही. इतिहासकाराने येथे केवळ खंत व्यक्त करून थांबू नये. चित्रशैली, रंगद्रव्ये, पाठीमागील झाडांची ठेवण ह्यांवरून हस्तभेद ओळखण्याचे शास्त्र लघुचित्रांच्या अभ्यासात विकसित झालेले आहे. तेच येथेही लावता येण्यासारखे आहे.

जर्डनच्याच 'बर्ड्स ऑफ इंडिया' ह्या इ. स. १८६२ ते १८६४ मधील प्रसिद्ध ग्रंथात मात्र पक्ष्यांची चित्रे नव्हती. चित्रांनी किंमत वाढते. मोहिमेवरील अधिकाऱ्याला स्वस्त व आटोपशीर पुस्तक हवे होते. म्हणजे ज्या ग्रंथाने एका पिढीला पक्षी ओळखावयास शिकविले तो शब्दांवर उभा होता. उलट ॲलन ह्यूम व चार्ल्स मार्शल ह्यांच्या शिकारी पक्ष्यांवरील तीन खंडांत (इ. स. १८७९-१८८१) रंगीत शिळाछापाची चित्रे विपुल आहेत, परंतु त्यांतील काहींबद्दल खुद्द ह्यूमच असंतुष्ट होता. ज्यावर ग्रंथकर्त्याचा विश्वास नाही असे चित्र त्याच्याच ग्रंथात छापले जाते आणि पुढे तेच प्रमाण म्हणून उद्धृत होते, ही गोष्ट साधनचिकित्सेच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात ठेवावी. माळढोक व तणमोर हे एकेकाळी वऱ्हाड-नागपूरच्या माळरानांवरचे परिचित पक्षी आज अत्यंत दुर्मिळ झाले आहेत. अशा वेळी जुन्या चित्रांवर आपली भिस्त वाढते आणि त्यांची चिकित्साही तितकीच आवश्यक ठरते.

४. रानपिंगळ्याची साक्ष

चित्र, नमुना व स्थळ ह्यांचा संबंध तुटला असता काय होते ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण रानपिंगळ्याचे आहे. इ. स. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लूइट ह्याने बसना-फुलझर भागात एक लहान घुबड मिळविले. हा भाग आज छत्तीसगडमध्ये असला तरी तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात मोडत होता. ह्यूमने इ. स. १८७३ मध्ये आपल्या 'स्ट्रे फेदर्स' ह्या नियतकालिकात त्याचे वर्णन करून त्यास ब्लूइटचे नाव दिले. पुढे जेम्स डेव्हिडसन ह्याने खानदेशात काही नमुने मिळविले. त्यानंतर पक्षी जणू नाहीसा झाला. जगातील संग्रहालयांत त्याची मोजकी कातडी उरली, आणि पुस्तकांतील त्याची चित्रे त्या कातड्यांवरून किंवा आधीच्या वर्णनांवरून होत राहिली. नेहमीच्या पिंगळ्याशी त्याचे साम्य असल्याने पुस्तक हाती घेऊन रानात जाणाऱ्यास फरक नेमका कोठे पाहावयाचा हे उमजणे कठीण होते.

ह्या मोजक्या नमुन्यांत एक रिचर्ड माइनर्ट्झहागेन ह्याचा होता. तो आपण इ. स. १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळविल्याचे त्याने नोंदविले होते. पुढे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर ह्यांनी इ. स. १९९९ मध्ये सप्रमाण दाखवून दिले की, हा नमुना वस्तुतः डेव्हिडसनच्या जुन्या नमुन्यांपैकी असून तो चोरून, नव्याने भरून, खोट्या चिठ्ठीसह संग्रहात ठेवलेला होता. पक्षी खरा, चिठ्ठी खोटी, अशी ही स्थिती. खोट्या चिठ्ठीने पक्ष्याचा रंग बदलला नाही. तिने त्याचे स्थळ व काळ बदलले, आणि शोध घेणाऱ्यांस भलत्या दिशेने पाठविले. ज्यांनी ही चिठ्ठी बाजूस सारून जुन्या विश्वसनीय नोंदींचा माग धरला आणि कातड्यांच्या सूक्ष्म अभ्यासाने लक्षणे आधीच निश्चित केली, त्या रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट ह्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत दिसला. शेवटच्या विश्वसनीय नोंदीनंतर शतकाहून अधिक काळ लोटला होता. पुढे विदर्भातील मेळघाटातही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले.

कागदपत्रांच्या चिकित्सेत आपण बनावट सनदा ओळखावयास शिकतो. रानपिंगळ्याचा वृत्तान्त सांगतो की, निसर्गेतिहासातही बनावट सनद असते आणि तिचे परिणाम तितकेच दूरगामी असतात. एखाद्या जातीचे रक्षण कोठे करावयाचे हे तिच्या खऱ्या स्थळावर अवलंबून आहे. म्हणून स्थळाची नोंद ही केवळ पांडित्याची बाब राहत नाही.

५. घराघरांतील हंस

शास्त्रीय चित्रे ग्रंथालयांत राहिली. लोकांच्या भिंतीवर जे पक्षी आले ते निराळ्या वाटेने. राजा रविवर्मा ह्यांचा छापखाना इ. स. १८९४ मध्ये मुंबईस सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्याच्या रंगीत छापील चित्रांनी हंस-दमयंतीचा प्रसंग घरोघरी पोचविला. दमयंती ही विदर्भाची राजकन्या. तेव्हा विदर्भाशी निगडित असे सर्वांत अधिक लोकांनी पाहिलेले पक्षिचित्र हेच असावे, असे म्हणावयास हरकत नाही. महाभारतातील नलोपाख्यानात हे हंस सुवर्णभूषित आहेत. छापील चित्रात आला तो लांब मानेचा शुभ्र पक्षी, युरोपीय उद्यानांतील तळ्यांत असतो तसा. जे. पी. फोगेल ह्यांनी इ. स. १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधार मांडले आहे की, भारतीय वाङ्मय व शिल्प ह्यांतील हंस हा मूलतः कादंबवर्गीय पक्षी होय. हिवाळ्यात विदर्भाच्या तलावांवर उतरणारे पट्टकादंब हे त्या वर्गाचे खरे प्रतिनिधी. ते आपल्या डोळ्यांपुढून उडून जात असता, 'हंस' म्हटले की आपल्या मनात मात्र शिळाछापाचा पक्षी पोहतो. मुद्रित चित्राचे सामर्थ्य केवढे असते आणि ते प्रत्यक्ष दर्शनावर कशी मात करते, ह्याचे ह्याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

६. अभ्यासाची दिशा

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडी असलेला अजबबंगला, इ. स. १८६३ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी हिस्लॉप टाकळघाटाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून मृत्यू पावले. ह्या संग्रहालयाशी संबंधित असलेल्या ई. ए. डॅब्रू ह्यांनी मध्यप्रांतातील फुलपाखरांची यादी इ. स. १९३१ मध्ये व पक्ष्यांची यादी इ. स. १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. अशा याद्या रूक्ष वाटतात. परंतु चित्राला स्थळ पुरविण्याचे काम त्या करतात. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) ह्यांनी 'पक्षिकोशा'द्वारे पक्ष्यांची मराठी नावे संकलित केली, तेव्हा त्या साखळीत भाषेचा दुवा जोडला गेला.

ह्या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक चित्रपत्रास पाच प्रश्न विचारावेत. चित्र जिवंत प्राण्यावरून काढले, कातड्यावरून, की आधीच्या चित्रावरून? ते कोणत्या पद्धतीने छापले, आणि त्या पद्धतीने त्यात कोणता बदल संभवतो? रंग छापील आहेत की हाताने भरलेले? हाताने भरलेले असल्यास एका प्रतीवरून निष्कर्ष काढता येत नाही. दोन-तीन प्रती ताडून पाहाव्या लागतात. नमुना कोठे आहे व त्याच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे? आणि अखेरीस, ज्या स्थळाचे नाव दिले आहे ते आजच्या नकाशावर कोठे बसते? जुन्या इंग्रजी वर्णलेखनातील ग्रामनामे ओळखणे हे काम परदेशातील शास्त्रज्ञापेक्षा ह्या प्रदेशाच्या इतिहासाचा विद्यार्थी अधिक खात्रीने करू शकतो. त्याचे विशेष दायित्व येथेच आहे.

हे दायित्व आज अधिक निकडीचे झाले आहे. जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती संगणकावर घरबसल्या पाहता येऊ लागल्या, ही मोठी सोय होय. पण त्याच सोयीमुळे चित्र ग्रंथातून सुटे होऊन फिरू लागले. सुंदर पक्ष्याचे चित्र हजारो लोक पाहतात. त्याच्यासमोरील पानावरचे वर्णन, त्यातील गावाचे नाव आणि नमुन्याची नोंद फारच थोडे वाचतात. पूर्वी विक्रेते ग्रंथ फाडून चित्रे चौकटीत बसवीत. आता तेच काम कागद न फाडता होते. सुट्या चित्राला सौंदर्य राहते, साक्ष राहत नाही. टाकळीचा शंख, शहाद्याचा रानपिंगळा आणि भीमेची खुद्री ह्यांची चित्रे त्यांच्या गावांशी पुन्हा जोडून देणे, हे संग्रहालय, ग्रंथालय आणि इतिहास विभाग ह्यांनी मिळून करावयाचे काम आहे. त्यासाठी लागणारी साधने बहुतांशी छापलेली आहेत. ती एकत्र ठेवून वाचावयाची तेवढी राहिली आहेत.